रविवारचा नमुना

प्रिय बारके,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी पाणी पी. सगळं जागच्या जागी आहे. बाबा पलीकडच्या खोलीत खुर्चीत डुलक्या काढताहेत, शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनची घरघर भिंतीतून ऐकू येतेय आणि मी स्वयंपाकघरातल्या त्याच डुगडुगत्या टेबलाशी बसलेय. आजकाल पत्र कोण लिहितं, ताईचं डोकं फिरलं, असं तू म्हणशीलच. म्हण बापडी. पण हा विषय फोनवर काढला की आपलं भांडण होतं, आणि भांडण रंगात आलं की दोघींपैकी एक जण 'बरं, ठेवते' म्हणून मोकळी होते. पत्रात तुला मधेच तोंड घालता येत नाही, हा केवढा फायदा!

तर मुद्द्याचं. तू बाबांचं विमानाचं तिकीट पाठवलंस. पुढच्या महिन्याच्या अखेरचं, आणि एकट्या बाबांचं. चाकाची खुर्ची मिळते, माणसं बसवून देतात, मधल्या विमानतळावर दुसऱ्या विमानात नेऊन सोडतात, इकडे मी दारातच उभी असेन, असं सगळं तू मला समजावलंस. वर म्हणालीस, "अगं, रविवारी माझ्याशी किती छान बोलतात ते! तू उगाच बाऊ करतेस." आणि फोन ठेवता ठेवता आणखी एक म्हणालीस, जरा हळू, पण मला ऐकू गेलं. "बाबा गेले तर तुझ्याजवळ कोणी उरणार नाही, म्हणून तू त्यांना सोडत नाहीस." मला इतका राग आला की मी त्या दिवशी भांडी आपटून आपटून घासली. मग भांडी संपली, राग संपला आणि वाटलं, खरंच तसं असेल का? मी बराच विचार केला. थोडं खरं आहे. पण त्याच्याशी ह्या तिकिटाचा संबंध नाही. बाबांना एकटं बोलावलंस तर त्या मधल्या विमानतळावर ते कुणाच्या तरी मागे चालू लागतील, आणि मग तू एका दारात आणि मी दुसऱ्या दारात उभ्या राहू. हे तुला पटवायचं आहे. आणि त्यासाठी मला माझ्या कामाबद्दल थोडं बोलावं लागणार आहे. जांभई आवर.

तुझ्या लग्नात तुझ्या सासूबाईंनी विचारलं होतं, मोठी काय करते? तू बेधडक सांगितलंस, "ती औषधाच्या कंपनीत बाटल्यांना दिवा दाखवते." सगळे हसले. मीही हसले, कारण खोटं काय होतं त्यात? आमच्याकडे डोळ्यात घालायचं एक औषध बनतं. ते पाण्यात विरघळत नाही. त्याची पूड पाण्यात नुसती तरंगत असते, म्हणून बाटलीत दूध भरल्यासारखं दिसतं. कण इतके बारीक की पापणीला पत्ता लागत नाही. पण कणांची एक खोड असते. जवळ आले की चिकटतात, चिकटले की आणखी दोघा-चौघांना ओढून घेतात, आणि होता होता गुठळी होते. अशी गुठळी डोळ्यात गेली तर डोळ्याला ओरखडा पडतो. गुठळी नजरेला दिसायच्या आधी पकडायची, हे माझं काम. आम्ही त्या औषधातून लाल प्रकाशाची बारीक रेघ सोडतो. कणांवर आपटून तो प्रकाश आजूबाजूला विखुरतो. पाणी कणांना एका जागी बसू देत नाही, सारखं ढोसत असतं, त्यामुळे विखुरलेला प्रकाशही लुकलुकत राहतो. बारीक कण भरभर नाचतात, त्यांचं लुकलुकणं भरभर. एकमेकांना चिकटून जड झाले की नाच मंदावतो, लुकलुकणंही मंदावतं. त्या मंदावण्यावरून यंत्र सांगतं, कण केवढा झालाय. एवढंच आहे ते. बाबा चारचौघांत सांगायचे, "आमची मोठी कणांना एकमेकांपासून लांब ठेवायचा पगार खाते, म्हणून तर हिचं लग्न जमत नाही." आणि मग माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचे. ती थट्टा ऐकून मी तेव्हा चिडायची. आता कुणी केली तर बरं वाटेल.

परवाची गंमत सांगते. आमच्याकडे काही बाटल्या महिनोन्‌महिने नुसत्या फळीवर उभ्या ठेवतात. हात लावायचा नाही, हलवायच्या नाहीत, आपोआप काय होतं ते बघायचं. त्यातली खालच्या फळीवरची रांग काही केल्या म्हातारी होईना. वरच्या फळीवरच्या बाटल्यांत तळाशी थर बसला, कण वाढले, आणि खालच्या मात्र जशाच्या तशा. साहेब हरखले. एकच मिश्रण असून खालची फळी चांगली का, यावर दोन बैठका झाल्या. कुणी म्हणालं तिथं थंडावा जास्त, कुणी म्हणालं उजेड कमी. मी एक दिवस लवकर गेले, तर आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशी खालच्या फळीपुढे बसलेल्या. एकेक बाटली उचलायची, फडक्यानं पुसायची, कानाशी नेऊन चांगली खळखळवायची आणि पुन्हा नीट ओळीत ठेवायची. वरच्या फळीला त्यांचा हात पोचत नाही. मी किंचाळलेच. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, औषध खाली बसलं होतं सगळं. माझ्या नातवाच्या बाटलीवर लिहिलेलंच असतं की, घेण्याआधी हलवा म्हणून. इथं कुणाला सवडच नाही, म्हटलं आपणच करावं." साहेबांना सांगताना माझी पुरेवाट झाली. सगळी रांग बाद. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा घेऊन आल्या. आम्ही हसलो. बारके, त्या दिवशी घरी येताना लक्षात आलं की मी कितीतरी दिवसांनी हसले होते, आणि हे सांगायला घरात कोणी नव्हतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आमचं औषध दाट. त्यात प्रकाश शिरला की ह्या कणावरून त्या कणावर आपटत राहतो, आणि बाहेर पडतो तोवर त्याच्यावरून काही समजेनासं होतं. म्हणून वर्षानुवर्षं आम्ही काय करत आलो, तर एक थेंब घ्यायचा, भरपूर स्वच्छ पाण्यात टाकायचा, जरा ढवळायचा आणि मग प्रकाश सोडायचा. आकडा सुंदर यायचा. एकदा एका बाटलीच्या गळ्याशी रवाळ कडा दिसत होती, मला चष्म्याशिवाय दिसत होती, आणि साहेब छापलेला कागद हातात नाचवत म्हणत होते, "कण उत्तम आहेत, काळजी सोडा." मी म्हटलं, साहेब, कागद ठेवा आणि बाटली बघा. झालं होतं असं, की त्या गुठळ्या सैल होत्या. एवढं मोकळं पाणी मिळालं, जरा धक्का लागला, की कण सुटे व्हायचे. मग सगळा शहाणा, सुटसुटीत कारभार. आम्ही मोजत होतो तो थेंब खोटा नव्हता. पण बाटली तशी नव्हती. आता दुसरं यंत्र आलंय. त्यात पाणी घालायचं नाही, झाकण उघडायचं नाही. बाटली आहे तशी उभी, बाहेरून खालपासून वरपर्यंत प्रकाश फिरतो आणि किती परत येतो ते बघायचं. आज, उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात. कंटाळवाणं काम आहे. पण त्यात फसवणूक होत नाही.

तू हुशार आहेस, मी कुठे चालले आहे ते तुला कळलंच असेल. रविवारी तुला मिळतो तो पाण्यात घातलेला थेंब.

बाबा म्हणजे जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस. चेहरे त्यांच्या कधीच लक्षात राहिले नाहीत, पण आवाज एकदा ऐकला की विसरले नाहीत. आठवतं ना, रस्त्यात कुणी भेटलं की हे नुसते मान डोलवायचे, आणि तो माणूस बोलायला लागला की चेहरा उजळायचा? ते अजून तसंच आहे, पण आता फक्त फोनवरच्या आवाजापुरतं. रविवारी सकाळपासून मी सांगत असते, आज धाकटीचा फोन. ते दाढी करून घेतात, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावतात. घंटा वाजली की ताठ होतात. "बोला," म्हणतात, आणि तो आवाज ऐकून मलाच क्षणभर वाटतं, आले परत. तुझी थट्टा करतात, जावयांच्या घोरण्याची चौकशी करतात, हवा कशी, झोप कशी, सगळं. दहाएक मिनिटं. मग फोन माझ्याकडे देतात. तू मला म्हणतेस, "किती फ्रेश आहेत!" आणि मी बघत असते, त्यांचे खांदे हळूहळू खाली येतात. मला विचारतात, "कोणाचा होता?" हे मी तुला तिथल्या तिथे कसं सांगू? ते समोर बसलेले असतात.

आणि तू आली होतीस ते चार दिवस? त्या चार दिवसांत तू घर नुसतं ढवळून काढलंस. पडदे काढले, कपाटं लावली, त्यांना फिरायला नेलंस, जुनी गाणी लावलीस, काकूंना जेवायला बोलावलंस. बाबा नाचले. मलाही छान वाटलं, खोटं कशाला बोलू. तू सुटकेस ओढत गेलीस आणि तिसऱ्या दिवशी सगळं तळाशी बसलं. तू मावशींसारखीच आहेस बघ. जीव लावून बाटली खळखळवतेस.

आता उभी बाटली कशी आहे ते ऐक. सकाळी उठल्यावर ते मला विचारतात, संडास कुठे आहे. एकदा दाखवलं की त्या दिवसापुरतं कळतं. दिवसभर त्या वेताच्या खुर्चीपुढे स्टूल घेऊन बसतात आणि एक्स्चेंजच्या बोर्डात वायरी खुपसायचे तसं पाठीच्या जाळीच्या भोकांत पेन, चमच्याचं टोक, काय मिळेल ते खुपसतात. म्हणतात, "थांबा, जोडून देतो." मी ऑफिसला गेले की काकू येऊन बसतात, त्यांचं शिवणाचं काम अर्धवट टाकून. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. मी खिडकीपाशी नंबर लावायला वळले तेवढ्यात ते एका पांढऱ्या शर्टवाल्याच्या मागे निघाले. मी सगळे मजले पालथे घातले, पहारेकऱ्याशी भांडले, रडले. शेवटी बाहेर बसथांब्यावर सापडले, त्याच माणसाच्या शेजारी, त्याच्या पिशवीचा बंद हातात धरून. तो बिचारा गोंधळून बसला होता, हात सोडवून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. बाबा मला म्हणाले, "आमची गाडी आता येईलच." ह्या माणसाला तू मधे विमान बदलून एकटं बोलावते आहेस.

आणि आणखी एक. ते मला अहो-जाहो करतात. सुरुवातीला मला वाटलं थट्टा आहे. "तुम्ही जेवलात का?" म्हणाले, तर मी म्हटलं, "हो महाराज, जेवले." मग लक्षात आलं की थट्टा नाही. माझ्याशी ते फार अदबीनं वागतात. मी खोलीत आले की पाय खाली घेतात. चहा दिला की "कशाला त्रास घेतलात" म्हणतात. एकदा हळूच विचारलं, "तुमच्या घरचे लोक वाट बघत असतील, नाही?" मी म्हटलं, बाबा, मी मोठी. ते कसनुसं हसले, परका माणूस काही विचित्र बोलला तर आपण हसतो तसं. तेव्हापासून मी सांगणं सोडलंय. सांगितलं की ते घाबरतात, आणि घाबरले की जेवत नाहीत. संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवतो, दोन सभ्य पाहुण्यांसारखे. बारके, मला फार एकटं वाटतं गं. घरात एकटी असते तर रेडिओ मोठ्यानं लावला असता, भांडी तशीच टाकली असती, रडायचं तर रडले असते. आता तेही करता येत नाही, त्यांना अवघडल्यासारखं होतं.

हे पत्र मी खरं तर लिहिणार नव्हते. तिकिटावरून पुन्हा एकदा भांडू, असं ठरवलं होतं. पण मागच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन केला, काकूंना दुधाचं सांगायला. काकू बहुतेक मोरीत होत्या, फोन बाबांनी उचलला. "बोला." मी म्हटलं, "बाबा, मी आहे." आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते ओरडले, "मास्तरीणबाई! अगं, आहेस कुठे तू?" मला त्या लाडक्या नावानं बाबांनी हाक मारल्याला किती काळ लोटला, ते तुला सांगता येणार नाही मला. मी प्रयोगशाळेच्या बोळात भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी विचारलं, अजून बाटल्यांना दिवा दाखवतेस का, साहेब त्रास देतो का, जेवलीस का. मग आवाज खाली आणून म्हणाले, "इथं एक बाई असतात. चांगल्या आहेत, सगळं वेळेवर देतात. पण घरच्या माणसाची गोष्ट वेगळी. तू कधी येतेस?" मी म्हटलं, आज संध्याकाळी येते, बाबा. मी किल्लीनं दार उघडून आत आले, तर ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसले होते. मला बघून उठले आणि म्हणाले, "बरं झालं आलात. आज जरा चार घास जास्त कराल का? माझी मोठी मुलगी यायची आहे." मी केले. तीन ताटं घेतली. ते जेवायला बसेनात, म्हणाले, तिला येऊ दे. मग आम्ही दोघांनी तिची वाट बघितली. म्हणून लिहिते आहे, बारके. त्यांचं तिकीट रद्द कर आणि स्वतःचं काढ, आणि चार दिवसांसाठी नको. ते तुलाही ओळखणार नाहीत कदाचित, तुलाही या-बसा म्हणतील, त्याची तयारी ठेवून ये. पडदे काढू नकोस, काही आवरू नकोस, नुसती राहा. पण जिना चढून आलीस की दारातूनच, काकूंच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, मला ताई म्हणून हाक मार. ती ऐकून त्यांना काही कळेल म्हणून नाही सांगत. मला ऐकायची आहे.

तुझीच,
ताई